कलम नको, गाव सांगा

“त्या स्टुलावर बसू नगंस. बसला की तारीख बुडती बघ.”

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. बराकीच्या सावलीत रांगेनं उकिडवे बसलेल्या कैद्यांपैकी एकजण पुढच्याच्या कानाशी लागून बोलत होता, आणि मी शेजारीच लशीच्या पेटीतला बर्फ बघत उभी होते. पुढच्यानं नुसती मान हलवली. त्याची पाळी आली तेव्हा तो जागचा उठला नाही. हात आडवा हलवून ‘नको’ म्हणाला. त्याच्या मागचाही नको म्हणाला. मग रांगेतून एकेक माणूस पाय मोकळे करायच्या निमित्तानं उठून बराकीत जायला लागला आणि थोड्या वेळानं अंगणात लिंबाचं झाड, दोन शिपाई आणि ते निळं प्लॅस्टिकचं स्टूल एवढंच उरलं.

स्टूल अक्कांचं होतं.

अक्का म्हणजे आमच्या लसीकरणाच्या सिस्टर. सीमेकडच्या गावच्या, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलणाऱ्या, सरकारी नोकरीचे शेवटचे काही महिने उरलेल्या. कपाळावर भस्माची पुसट रेघ आणि आवाज असा, की फाटकात बोलल्या तर मागच्या बराकीत ऐकू जावं. जेलमध्ये शिपायांपासून कैद्यांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. साहेब, म्हणजे त्या छोट्या जेलचे अधिकारी, तेवढे ‘सिस्टर’ म्हणत.

मी एका संस्थेतर्फे तिथे जात होते. कैद्यांना हिपॅटायटिस बीची लस द्यायचा कार्यक्रम होता. ही कावीळ रक्तातून पसरते, आणि जेलमध्ये एका वस्तऱ्यानं अनेकांच्या दाढ्या होतात, एकाच सुईनं हातांवर नावं गोंदली जातात. लशीचे तीन डोस. पहिला घेतला की महिन्यानं दुसरा, तिसरा सहा महिन्यांनी. टोचायचं काम अक्कांचं. प्रत्येकाला नीट समजावलं का आणि तो स्वतःच्या मर्जीनं हो म्हणाला का, हे बघून रोजचा अहवाल लिहायचं काम माझं. घरी शाहूपुरीत माझी आई पाहुण्यांना सांगायची, की मुलगी हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर आहे. जेल हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नसे. मीही आईचं ते सांगणं दुरुस्त करायला जात नसे.

पहिल्या दिवशी अक्का मला फाटकाशी भेटल्या त्या मोपेडवर. मागच्या सीटला ते स्टूल सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेलं, पायाशी लशीची पेटी. झडतीला शिपायानं स्टूल उलटं करून बघितलं.

“नीट बघ की,” अक्का म्हणाल्या. “मागच्या बारीला पोटात सासू लपवून नेलती.”

शिपाई हसला. तो दर वेळी स्टूल उलटं करायचा आणि दर वेळी अक्का त्याला नवीन काहीतरी सांगायच्या. मला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, माझं नाव विचारलं नाही, शाळा कुठली ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘इंग्लिश मिडियम’ झाले. “ए इंग्लिश मिडियम, बर्फ बघ.” “इंग्लिश मिडियम, कापूस दे, उन्हात उभारू नगंस.”

त्या प्रेमळ वगैरे नव्हत्या. बर्फाची पिशवी वितळलेली दिसली की मला सगळ्यांसमोर झापायच्या. मी बोलत नाही याचा त्यांना विशेष राग होता. अधिकाऱ्यांसमोर माझ्या डोक्यात वाक्यं इंग्रजीत तयार व्हायची आणि ती मराठीत वळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. अक्का म्हणाल्या, “तुझं तोंड म्हंजे आमच्या गावचा एस्टी स्टँड. गाड्या सगळ्या उभ्या, सुटत एक न्हाय.”

तर ते स्टूल. जेलमध्ये कैद्यांना रांगेत उकिडवं बसवतात. साहेब समोरून गेले तरी उकिडवं, मोजणीला उकिडवं, डॉक्टर आले तरी उकिडवं. अक्का उकिडव्या माणसाला टोचत नसत. साहेबांना त्यांनी सांगितलं होतं, की असं बसलं की दंड ताठतो आणि सुई वाकते. मी ते वैद्यकीय कारण समजून अहवालात लिहायच्या बेतात होते. परत येताना चहाच्या टपरीवर त्या म्हणाल्या, “दंड कसला ताठतोय? खाली बसवलेल्या माणसाला वर बघून न्हाय म्हणता येत न्हाय. म्हणून मी बसवतो स्टुलावर.” आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल ‘मी बसवतो, मी जातो’ असंच बोलत.

स्टुलावर माणूस बसला, की तो सवयीनं आधी नाव सांगायचा आणि मग कलम. आत आल्यापासून त्यांना तसंच विचारलं जातं. अक्का कलमाच्या पहिल्याच आकड्यावर हात वर करायच्या. “कलम नको पावणं, गाव सांगा.” गाव कळलं की त्या तिथल्या उसाची, पाण्याची, बाजाराच्या वाराची चौकशी करायच्या. गावात त्यांच्या ओळखीचं कुणी निघालं नाही असं माझ्या आठवणीत नाही. मला वाटतं निम्म्या ओळखी त्या तिथल्या तिथे तयार करत असाव्यात.

साहेबांना ते ‘पावणं’ खटकायचं. एकदा ते म्हणाले, “सिस्टर, हे पाहुणे नाहीत. आरोपी आहेत.”

“ऱ्हायचं न्हाय ना हितं कायमचं?” अक्का म्हणाल्या. “मग पावणंच की.”

आणि हे सगळं झाल्यावर, सिरिंज भरायच्या आधी, त्या विचारायच्या, “घेणार का?” विचारून थांबायच्या. नुसत्या थांबायच्या, लिंबाच्या झाडाकडे बघत. काही जण लगेच हो म्हणायचे, काहींना वेळ लागायचा. रांग चुळबुळायची, शिपाई घड्याळाकडे बघायचे, अक्का झाडाकडे. कुणी नको म्हटलं की ‘बरं’ म्हणून पुढच्याला हाक मारायच्या. पुढच्या खेपेला त्यालाच परत, तितक्याच शांतपणे, पहिल्यांदा विचारल्यासारखं विचारायच्या. माझ्या शाळेत, घरात, कॉलेजात मला पुष्कळ गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. उत्तरासाठी असं थांबलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

चहा त्या आतलाच प्यायच्या, कैद्यांनी केलेला. स्टाफसाठी बाहेरून थर्मास यायचा, तो त्यांनी कधी घेतला नाही. आतला चहा चांगला असायचा म्हणून नव्हे. त्याला धुराचा वास यायचा आणि साखर इतकी, की माझे दात शिवशिवायचे. अक्का तो फुर्र करून, सगळ्यांच्या देखत, भांड्याच्या तळापर्यंत प्यायच्या.

कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचे खटले अजून चालू आहेत ते, मधेच जामिनावर सुटून जायचे. त्यांचे उरलेले डोस राहायचे. कागदावर त्यांच्या नावापुढे ‘सुटला’ लिहिलं की आमचं काम संपत होतं. अक्कांचं संपत नसे. गाव त्यांना ठाऊक असायचंच. सुट्टीच्या दिवशी लशीची पेटी आणि स्टूल बांधून त्या निघायच्या आणि दोनदा त्यांनी मला मागे बसवून नेलं. स्टूल मग माझ्या मांडीवर.

कोडोलीला असा एकजण होता. सुटून आल्यावर सासऱ्याच्या गोठ्यावर काम करायचा. सासऱ्याला आणि भावकीला सांगितलं होतं, की तो इतके दिवस मुंबईला कामाला गेला होता. आम्ही गेलो तर अंगणात सासरा, दोन शेजारी आणि एक सोयरा असे गप्पा मारत बसलेले. आम्हाला बघून त्या माणसाचा चेहरा मातीसारखा झाला. सासऱ्यानं विचारलं, कुठनं आला पावणं? एक चुकीचा शब्द, आणि त्याची मुंबई तिथल्या तिथे संपली असती.

“म्हशीची लस,” अक्का म्हणाल्या. “गोठा कुठं हाय?”

त्या त्याला घेऊन गोठ्यात गेल्या. मी दारात उभी राहिले. आत म्हैस रवंथ करत होती, तिच्या पलीकडे अक्कांनी त्याला पेंडीच्या पोत्यावर बसवलं आणि तिथेही विचारलं, “घेणार का?” तो रडवेला होऊन हळू आवाजात हो म्हणाला. दंडावर कापूस दाबून आम्ही बाहेर आलो, तर सासरा दुसरी म्हैस सोडून घेऊन उभा. हिलाबी टोचा, म्हणाला, ही दुधाला कमी पडतीय. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, आणि ही गाभण दिसतीय, हिला आत्ता चालत न्हाय, असं गंभीरपणे सांगितलं. म्हातारा इतका खूश झाला, की त्यानं आम्हाला दुधाची किटली देऊन सोडलं. परतीच्या वाटेवर मी मागे बसून पहिल्यांदा मोठ्यानं हसले. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तिसऱ्या डोसला काय सांगायचं ते आत्तापास्नं इचार कर.”

आता त्या निवृत्त होऊन गावी असतात. फोनवर आधी ओरडतात, मग बोलतात. मला जो दिवस सांगायचा आहे तो त्या वेळचा आहे, जेव्हा त्यांची नोकरी संपायला थोडेच आठवडे होते.

तारीख बुडण्याचं ते बोलणं मी ऐकलं, त्याच दुपारी चहाच्या वेळी हळू आवाजात अक्कांना सांगितलं. त्या उठून सरळ बराकीच्या गजांपाशी गेल्या. बोलणारा होता गारगोटीकडचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, तिशीचा, खांद्यानं रुंद, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्यानं जे सांगितलं ते असं होतं. पहिला डोस घेतला त्या संध्याकाळी त्याला थोडा ताप आला. कोणत्याही लशीनंतर येतो तसा. दुसऱ्या दिवशी त्याच्या जामिनाची तारीख होती. सकाळी कोर्टाची गाडी भरताना शिपायानं त्याचं अंग कापताना पाहिलं आणि आजारी म्हणून त्याला मागे ठेवलं. तिकडे कोर्टात त्याची बायको आणि जामीन राहायला तयार झालेला तिचा चुलता सातबारा घेऊन दिवसभर बसून परत गेले. नवी तारीख पडली. चुलता म्हणाला होता, आता एकदाच येईन. गुऱ्हाळ सोडून मला सारखं जमायचं नाही.

बराकीनं यावरून आपला हिशोब मांडला होता. लस घेतली की ताप, ताप आला की गाडी नाही, गाडी नाही की तारीख गेली. मला वाटलं, अक्का आता त्यांना समजावतील, की ही अफवा आहे.

“बराबर हाय की त्यांचं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी साहेबांकडे मागणी केली, की प्रत्येकाची तारीख विचारू आणि तारीख होऊन गेल्यावर टोचू. खेपा जास्त पडतील, पण पडू देत. साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते हे मला इथे सांगायला हवं. लसीकरणाच्या कोपऱ्यात पंखा त्यांनीच लावून दिला होता. आदल्या वर्षी त्यांच्या जेलमधला एक कैदी काविळीनं मोठ्या दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही. फाटकाशी त्याच्या आईला ते सांगायचं काम साहेबांना करावं लागलं होतं. लस सगळ्यांना मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण वरिष्ठ भेटीला येणार होते, त्याआधी सगळे दुसरे डोस व्हायला हवे होते, आणि कैद्याच्या मर्जीला थांबायची त्यांना सवय नव्हती.

दिवस साहेबांनी ठरवला. तो नेमका कोर्टाच्या तारखांचा आदला दिवस निघाला.

आम्ही आत गेलो तेव्हा सगळे आधीच अंगणात उकिडवे बसवलेले होते. डाव्या बाह्या वर दुमडलेल्या. रांगेच्या दोन्ही टोकांना काठी घेतलेले शिपाई. नेहमी स्टूल उलटं करणाऱ्या शिपायानं आज स्टुलाकडे बघितलंसुद्धा नाही. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. शांत आवाजात म्हणाले, “सगळ्यांना सांगून झालंय, सिस्टर. जो लस घेणार नाही तो उद्या गाडीत बसणार नाही. तुम्ही सुरू करा.”

अक्कांनी पेटी खाली ठेवली. स्टूल मांडलं. पेटी मात्र उघडली नाही.

“असं नसतंय साहेब,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

“त्यांच्या भल्यासाठीच आहे ना? का मी विष टोचायला सांगतोय?”

“भल्याचंच हाय. म्हणून तर इचारून द्यायचं.”

“मग विचारा. मी कुठं नको म्हणतोय.”

तेवढ्यात रांगेतून ट्रॅक्टर ड्रायव्हर उठला. कुणी बोलावलं नव्हतं. येऊन स्टुलावर बसला. त्याचा दंड उघडा होता आणि त्यावरचा घाम मला दिसत होता. घेतलं तर ताप येईल आणि उद्या परत मागे ठेवतील. न घेतलं तर गाडीत बसवणारच नाहीत. दोन्हींतलं कमी धोक्याचं ते त्यानं निवडलं होतं, एवढं कुणालाही कळलं असतं. उद्या तिकडे त्याची बायको आणि तो चुलता येऊन बसणार होते, शेवटचं.

अक्कांनी विचारलं, “घेणार का?”

“व्हय,” तो म्हणाला. बघत होता साहेबांकडे.

अक्का थांबल्या. झाडावर कावळा होता, पंख्याची पाती कटकट वाजत होती. त्यांनी परत विचारलं.

“व्हय म्हटलं की अक्का. टोचा.” या वेळी त्याचा आवाज फाटला.

“मला सांगतोस का साहेबास्नी?”

तो जमिनीकडे बघायला लागला. अक्कांनी रिकामे हात मांडीवर ठेवले आणि त्याच्यासमोर, मातीत, खाली बसल्या. साठीला आलेली बाई, गुडघे दुखणारी. आता त्या अंगणात सगळ्यांपेक्षा खाली होत्या.

“ह्याला मी आज सुई लावत न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यालाबी न्हाय आन् ह्यांच्यातल्या कुणालाच न्हाय.”

साहेब उठले. ओरडले नाहीत. म्हणाले, की मग तुम्ही कर्तव्याला नकार दिला असं मी वर कळवतो. शेवटचे काही आठवडे राहिलेत तुमचे, नीट विचार करा. दुसरी सिस्टर मागवायला मला वेळ लागणार नाही. अक्कांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतो, आणि झाडाकडे बघत राहिल्या.

मग साहेब माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत ते माझ्याशी थेट बोलले असतील ते ‘चहा घेणार का मॅडम’ एवढंच.

“मॅडम, तुम्ही संस्थेच्या. संमतीचं तुमच्याकडे आहे. तुमच्यासमोर सिस्टरनी दोनदा विचारलं, तुमच्यासमोर हा दोनदा हो म्हणाला. बरोबर?”

माझ्या अहवालात तेवढं एक वाक्य आलं असतं तर पुढचं सगळं सरळ होतं. अक्कांनी आडमुठेपणा केला असं ठरलं असतं, दुसऱ्या सिस्टरनी दुपारपर्यंत रांग संपवली असती, आणि रात्री बराकीत कुणाकुणाला ताप चढला हे सकाळी गाडी भरताना कळलं असतं. वाक्य खोटंही नव्हतं. तो दोनदा हो म्हणाला होता.

“तिला मधी घेऊ नका साहेब,” अक्का खालूनच म्हणाल्या. “पोर हाय ती. तिचं काम लिहायचं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ड्रायव्हरनं बघितलं. पहिल्यांदाच त्यानं मान वर केली होती. रांगेतली सगळी डोकी, काठ्या धरलेले शिपाई, साहेब, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा आवाज आला तेव्हा तो इतका बारीक होता, की साहेबांना एक पाऊल पुढे यावं लागलं.

“नाही साहेब,” मी म्हणाले. “गाडी चुकेल या भीतीनं तो हो म्हणाला, आणि मी तसंच लिहिणार आहे. उद्या सगळ्यांना कोर्टात न्या. परवा आम्ही दोघी परत येऊ आणि परत विचारू. तेव्हा तो नको म्हणाला, तर मी नको लिहीन.”